बाबांची सोडत

ज्याला आधी मासा लागेल तो सुटला. उरेल त्याने बाबांना घरी न्यायचं.

असं दोन्ही जावयांचं ठरलं होतं आणि दोन्ही मुलींना ते पटलं होतं. बाबांना विचारलं नव्हतं. ज्याची वाटणी करायची त्याला कोणी विचारत नाही.

तरी बाबांना कळलंच. फक्त उलटं कळलं.

*पाणी कमरेएवढं*

म्हातारा टोप बनवायचा. डोक्यावर घालायचे, केसांचे. टक्कल पडलेले नवरदेव, नाटकातले राजे, औषधांनी केस गेलेल्या बायका, सगळे त्याच्या दुकानाचा जिना चढून गेलेले. "लोक टोपी घालतात, मी टोप घालतो," हा त्याचा विनोद. थोरली मुलगी तो सुरू झाला की उठून नळ सोडायची, म्हणजे ऐकू येऊ नये. धाकटी हसायची. दर वेळी हसायची. म्हाताऱ्याने दोन्ही मुलींची किंमत तेवढ्यावरच ठरवून टाकली होती.

टोपातून उरलेल्या केसांच्या तो माश्या बांधायचा, मासे धरायला. बारीक गळ, त्यावर दोरा, दोऱ्यात केस, एखादं पीस. पाण्यावर पडली की खरी माशी पडल्यासारखी दिसली पाहिजे. या माशीला वजन नसतं, वजन दोरीला असतं. काठी मागे न्यायची, थांबायचं, पुढे आणायची; दोरी हवेत उलगडते आणि माशी शेवटी, सगळ्यांच्या मागून, अलगद जाऊन पडते. सगळी कला त्या थांबण्यात आहे.

"केसाने गळा कापतात म्हणे," तो म्हणायचा. "मी केसाने मासा धरतो."

(नळ.)

हिवाळ्यात शहरातली नदी कमरेएवढी असायची, तेव्हा तो दोन्ही जावयांना घेऊन जायचा. न्यायचाच. जावई पाण्यात उभा केल्याशिवाय जोखता येत नाही, असं त्याचं मत.

थोरला जावई लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून, पाय वेगळ्या ब्रेकवर ठेवून. म्हाताऱ्याने त्याचं नाव हँडब्रेक ठेवलं होतं.

"जावईबापू, दोरी टाकताय की वाळत घालताय?"

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला म्हातारा अरे-तुरे करायचा आणि ते लाडाचं होतं. "याच्या मनगटात जीव आहे. बघा जावईबापू, शिका. वयाने मोठं होऊन काय उपयोग?"

एकदा थोरल्याचा पाय शेवाळावर घसरला. तो पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. लांब रबरी बुटांत पाणी भरलं की माणूस सिमेंटच्या पोत्यासारखा होतो. हाकेच्या अंतरावर म्हातारा उभा होता. त्याने काठी खाली ठेवली नाही. हात दिला नाही.

"ओरडू नका," तो म्हणाला. "मासे बुजतात."

थोरल्याला धाकट्याने ओढून काढलं. दोघे साडू एकमेकांना तोवर पाण्यात पाहत असत. त्या दिवसानंतरही पाहत राहिले, पण थोडं कमी.

*पाणी गुडघाभर*

इमारत पाडायची ठरली. पहिल्या मजल्यावर दुकान, वर म्हाताऱ्याची खोली, दोन्ही जाणार. टोप ठेवायची लाकडी डोकी जिन्यात ओळीने मांडून ठेवली होती, कुणी न्यायची तर न्या म्हणून. कुणी नेली नाहीत.

बहिणी फोनवर.

"तू लाडकी. तू ने."

"लाडकी होते म्हणून शिक्षा का?"

"माझ्याकडे जागा कुठाय?"

"ताई, तुझ्याकडे तीन खोल्या आहेत."

"एक सासूबाईंची."

"त्या वारल्या ना कधीच!"

"तरी त्यांचीच आहे. आणि तुझ्याकडे नदी दिसते. त्यांना नदी लागते."

"नदी दिसते म्हणून बाप ठेवायचा? उद्या डोंगर दिसला तर काय ठेवू?"

"मग हसायचं कशाला त्यांच्या विनोदांवर? मी हसले नाही कधी. मी सुटले पाहिजे."

"मी हसायचे कारण मला मार नको असायचा."

थोरलीला आठवलं की मार तिला मिळायचा. धाकटीला कधीच नाही. म्हणजे हसण्याचा उपयोग व्हायचा.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्या दोघांनाच ठरवू दे."

त्या दोघांनी ते दुकानात ठरवलं. म्हाताऱ्याचं सामान बांधायला आले होते. दुकान आणि कामाची जागा यांत फक्त पडदा. पडद्याआड म्हातारा एका गळावर केस गुंडाळत बसला होता आणि डाव्या कानाने ऐकत होता, कारण उजवा गेलेला.

"नाणं उडवू," धाकटा म्हणाला.

"नाण्याला दोनच बाजू. मला तिसरी हवी. उभं राहिलं तर वृद्धाश्रम."

"हळू बोला."

"ऐकू येत नाही त्यांना. बरं, रविवारी नदीवर. पहिला मासा. तिथेच बाबांची सोडत काढून टाकू."

दोघे हसले.

म्हाताऱ्याचा हात थांबला. सोडत! सोडत त्याला माहीत होती. मुली शाळेत असताना शाळेच्या मेळ्यात एकदा सोडत होती आणि त्याला प्रेशर कुकर लागला होता. तो त्याने छातीशी धरून बाजारातून मुद्दाम लांबच्या वाटेने घरी नेला होता. सोडतीत ज्याचा नंबर लागतो तो वस्तू घेऊन जातो. बाकीचे हात हलवत परत. याहून वेगळी सोडत कुणी पाहिली आहे का?

दोघे जावई आपल्यासाठी पैज लावताहेत. रविवारी. नदीवर. माशांवर.

पडद्याआडच्या अंधारात म्हातारा लाजला. मग त्याने तो गळ बाजूला टाकला आणि सगळ्यांत लहान गळ शोधू लागला. धाकटा जिंकला पाहिजे. धाकट्याच्या घरून नदी दिसते. धाकट्याच्या घरात ती आहे, हसणारी.

*पाणी घोटाभर*

रविवारची सकाळ. उन्हाळ्याने नदी उघडी पाडली होती. एरवी झाकलेलं सगळं दिसत होतं: सांडपाण्याच्या नळ्यांची तोंडं, ट्रकचा टायर, बाजारातल्या ढकलगाडीचा सांगाडा, एक दार. नुसतं दार, कडीसकट. मधून घोटाभर पाण्याची एक वळवळती रेघ. ती पुलाखाली, खांबापाशी, एका डोहात जाऊन थांबत होती. नदीतले उरलेसुरले मासे त्या डोहात होते. सगळे एका बाजूला तोंड करून, रांगेत उभं राहिल्यासारखे.

म्हातारा घडीच्या खुर्चीत काठावर बसला. थोरला लांब जाऊन दोरी ओवत होता, तेवढ्यात त्याने धाकट्याला खुणेने बोलावलं.

"पाणी उतरलं की मासा जास्त घाबरट होतो. उभा राहू नकोस. गुडघ्यावर जा. तुझी सावली डोहावर पडली की संपलं. ही घे."

तळहातावर माशी होती. तांदळाच्या कणीएवढी.

"एवढीशी?"

"एकाच केसाची आहे. मोठी टाकशील तर पळतील. खांबाच्या सावलीत टाक आणि हलवू नकोस. आणि हे बघ, हँडब्रेकला सांगू नको."

"बाबा, तुम्ही मला का सांगताय?"

म्हातारा त्याच्याकडे मायेने बघून हसला. "तुला कळत नाही का?"

धाकट्याला खरंच कळेना. पैजेचं म्हाताऱ्याला कळलंय हे उघड होतं, पण सासऱ्यापासून सुटायला सासराच आपल्याला का मदत करतोय? मग त्याला वाटलं, म्हाताऱ्याला थोरलीकडे जायचं असेल. तीन खोल्या आहेत. बरंय की. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि म्हाताऱ्याविषयी कधी नव्हे ती आपुलकीही.

"नियम ऐका," म्हातारा मोठ्याने म्हणाला. "गळाचे काटे चपटे केलेत. मासा धरायचा तो सोडण्यासाठी. अशा कोमट पाण्यात तो दमून मरतो, म्हणून मी हातात धरून त्याला श्वास घ्यायला लावीन. पोहत गेला तर धरला. पोट वर करून तरंगला तर नाही धरला. मेलेला मासा कुणाचाच नसतो."

"म्हणजे पंच तुम्हीच," थोरला म्हणाला.

"मग कोण? तुमचा विद्यार्थी?"

पुलावर माणसं जमली. पुलावर माणसं जमायला काही लागत नाही.

"काय करताहेत हो?"

"मासे धरताहेत."

"कशाने?"

"माशीने."

"ओ काका! माश्या मारताय का रविवारच्या?"

"अहो तो एक गुडघ्यावर बसलाय बघा. मासा येतोय की माफी मागतोय?"

थोरला उभा होता. पाण्यात बूट, डोक्यावर टोपी, हातात काठी, ताठ. त्याची माशी सुंदर पडत होती आणि त्याची लांब सावली तिच्याआधी पडत होती. डोहातली रांग दर वेळी फुटायची आणि त्याची पाठ वळली की पुन्हा जुळायची. म्हातारा काही बोलला नाही. इतकी वर्षं टोचून शिकवलं आणि आज, कामाच्या दिवशी, गप्प.

धाकटा गुडघ्यांवर सरपटत खांबाच्या आडोशाला गेला. काठी मागे. थांब. पुढे. तांदळाची कणी सावलीत पडली. दिसलीसुद्धा नाही. पाण्याला एक छोटासा ओठ फुटला आणि मिटला.

दोरी ताठ.

"लागला!" पुलावरून कुणीतरी ओरडलं. धाकट्याच्या आधी.

"ओढू नको! जाऊ दे त्याला, दमव, दमव," म्हातारा खुर्चीतून उठलाच. मासा डोहाच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. जायला जागाच नव्हती. तो फिरला तसे बाकीचे मासेही त्याच्याबरोबर फिरले, जणू सगळ्यांच्याच तोंडात गळ होता. शेवटी तो कुशीवर झाला आणि काठाला आला. रुपेरी, हातभर, शेपटी तांबूस.

"आण इकडे."

म्हातारा घोटाभर पाण्यात उतरला, गुडघे टेकले. गळ सोडवला. हात ओले केले आणि माशाला पोटाखालून धरून पाण्यात मागेपुढे हलवू लागला. कल्ले उघडले, मिटले. उघडले.

"वाहतं पाणी नसलं की असा हलवून श्वास द्यावा लागतो," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "तू तोवर माझी पेटी गाडीत टाक. काठ्या मागे, पेटी पुढे. आणि तिला फोन कर. म्हणावं बाबा निघालेच. मला रस्त्याकडची खोली नको, झोप लागत नाही. नदीकडची दे."

कुणी हललं नाही.

"काय झालं? कुठे माशी शिंकली?"

धाकट्याने साडूकडे पाहिलं. साडूने पुलाकडे पाहिलं. हरला होता तो. म्हातारा त्याच्या बोडक्यावर बसला होता, वारलेल्या आईच्या खोलीसकट. आणि तरीही त्याच्या पोटातून हसू वर येऊ लागलं, बुटात भरलेल्या पाण्यासारखं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही त्याच्याकडे नाही, माझ्याकडे येताय."

"मासा याला लागला."

"म्हणून तर."

"सोडत होती ना?"

"सोडतच होती. ज्याला लागेल तो सुटला. तुमच्यापासून, बाबा." त्याने ते सावकाश सांगितलं, विद्यार्थ्याला गिअर समजावून सांगतात तसं. "हरेल त्याने तुम्हाला न्यायचं. तुम्ही बक्षीस नव्हता. आणि याला शिकवलंत कुणी? याला सुटायचं कसं ते तुम्हीच शिकवलंत! मी बघत होतो. म्हटलं, म्हाताऱ्याचं माझ्यावर एकदम एवढं प्रेम कसं?"

पुलावर कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय तो?" आणि कुणीतरी म्हणालं, "घरचं आहे."

म्हातारा माशाला मागेपुढे करत राहिला.

"तिला माहीत आहे?" त्याने धाकट्याला विचारलं.

नाही म्हणायला एवढासा वेळ लागतो. तेवढा वेळ धाकट्याने घेतला आणि आणखीही घेतला.

"असं," म्हातारा म्हणाला.

मासा आता बरा झाला होता. शेपटीने हाताला धक्के देत होता. सोडलं असतं तर गेला असता. म्हाताऱ्याने डाव्या हाताने त्याचं डोकं धरलं, उजव्या हाताचा अंगठा कल्ल्याखाली घातला आणि दाबला. टोपाच्या जाळीत एकेक केस ओवणारी बोटं ती. पाण्यात लाल धागा निघाला, लांबत गेला.

त्याने हात काढले. मासा सावकाश फिरला आणि पोट वर करून तरंगू लागला.

"मेला," म्हातारा म्हणाला. "नाही धरला."

"तुम्ही मारलात!"

"मी? पाणी कोमट आहे, जावईबापू. मघाशीच नाही का सांगितलं तुम्हाला?"

जावईबापू. तुम्हाला. आयुष्यात पहिल्यांदा. धाकटा थोरल्याकडे वळला.

"साडूभाऊ, तुम्ही पाहिलंत ना? अंगठा घातला त्यांनी. तुम्ही सांगा."

थोरल्याने पाहिलं होतं. स्वच्छ पाहिलं होतं. पण आता त्याच्या मानेवरचा फास सैल होत होता, आणि फास सैल करणाऱ्या हाताला कुणी बोट लावत नाही.

"मला ऊन लागत होतं डोळ्यांवर," तो म्हणाला. "पण नियम नियम आहे. मेलेला कुणाचा नसतो."

"हिवाळ्यात तुम्हाला पाण्यातून कुणी काढलं?"

"काढलंस ना. त्याचे आभार मानले होते मी."

म्हातारा उठला, हात पँटला पुसले, आणि खुर्ची उचलून थोरल्याच्या बाजूला आणून ठेवली.

"ये रे," तो थोरल्याला म्हणाला. "बस खाली. टोपी काढ. इतकी वर्षं ताठ उभा राहिलास, कोण येणार तुझ्याकडे? ही माशी घे."

तीसुद्धा तांदळाएवढी होती. त्याने दोन बांधल्या होत्या; एक तुटली तर धाकट्याला दुसरी द्यायला.

थोरला गुडघ्यांवर गेला.

मग पुढचा वेळ फार वाईट होता आणि पुलावरच्या लोकांना फार आवडला. धाकटा डोहाच्या त्या टोकाने टाकायचा, थोरला या टोकाने. धाकट्याची माशी सावलीत पडायला आली की म्हातारा खुर्चीतून उठायचा. आळस द्यायला, पाय मोकळे करायला. त्याची सावली जाऊन डोहावर बरोबर तिथे पडायची आणि रांग फुटायची. मग तो बसायचा.

"बाबा, बसा ना."

"बसून बसून कंबर धरते, जावईबापू."

"बाबा, मी चुकलो. ती चुकली. आम्ही तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं. तुम्हाला महिन्यातून एकदा भेटायला येऊ. दर आठवड्याला येऊ. पाया पडतो तुमच्या."

धाकटा काठी टाकून खरंच जवळ आला. चिखलाचे गुडघे, हात जोडलेले. गळ पाण्यात घालायचा सोडून त्याने म्हाताऱ्यालाच गळ घातली होती. म्हाताऱ्याने त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, डावा कान पुढे करून. माणूस आवडतं गाणं ऐकतो तसं.

"अजून बोला," तो म्हणाला.

आणि त्याच वेळी थोरल्याची दोरी ताठ झाली.

हा मासा लहान होता. लवकर आला. थोरल्याने तो ओंजळीत घेतला आणि म्हाताऱ्यापुढे नेईना. तो माशाकडे बघत होता, म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होता.

"आण इकडे."

"मीच सोडतो, बाबा."

"तुला जमणार नाही. तुझे हात गरम आहेत. मरेल." म्हाताऱ्याने ओंजळ पसरली. "दे. विचार करू नको. तुला मी आवडलो नाही कधी, हे तू लपवलं नाहीस. दे."

थोरल्याने दिला. द्यावाच लागला.

म्हाताऱ्याने माशाला पाण्यात धरलं. मागे, पुढे. मागे, पुढे. धाकटा शेजारी गुडघ्यांवर बसून होता आणि त्या माशासाठी मरण मागत होता, तोंडाने नाही, डोळ्यांनी. कल्ले उघडले. मिटले. इतकं जपून म्हाताऱ्याने स्वतःच्या मुलींनाही कधी धरलं नव्हतं. मग त्याने बोटं उघडली. मासा क्षणभर तळहातावरच राहिला, जाणं म्हणजे काय ते विसरल्यासारखा, आणि गेला. बाकीच्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

"धरला," म्हातारा म्हणाला. "सुटलास."

थोरल्याने आभार मानले नाहीत. काठी गुंडाळलीसुद्धा नाही, तशीच खांद्यावर टाकली आणि दोरी मागे दगडांवरून फरफटत, जवळजवळ पळत, काठ चढून गेला. मागे वळला नाही. पुलावरून टाळ्या वाजल्या.

*पाणी नाही*

गाडीत धाकट्याने चावी लावली पण फिरवली नाही. मागे काठ्या. पुढे म्हातारा, मांडीवर पेटी. त्याच्या पँटवर माशाचा चिकटा वाळत होता आणि त्याचा वास गाडीभर झाला होता.

"बाबा, माझ्याकडेच का? तुम्हाला आता माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच. हँडब्रेकला मी जड झालो असतो. तो ओढत राहिला असता, सवयीने. तुम्हाला मी नकोसा आहे." म्हाताऱ्याने पट्टा लावून घेतला. "बरीच वर्षं आहेत माझ्यात. डॉक्टर म्हणाला, हृदय तरुणाचं आहे."

फोन वाजला. गाडीतला फोन आपोआप उचलला जायचा आणि आवाज पुढच्या जाळीतून यायचा. धाकट्याने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. ती हसत होती. तेच हसू. खळखळून, मध्येच श्वास अडकणारं. म्हाताऱ्याने ते इतक्यांदा कमावलं होतं.

"अरे बोल ना! लागला का मासा? सुटलो ना आपण?"

धाकट्याने डोळे मिटले.

म्हातारा जाळीकडे वाकला, डावा कान वळवून, आणि ते हसू संपेपर्यंत थांबला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "नदीकडची खोली झाडून घे."